गर्भाशयमुखाचा कर्करोग : नमुना आपला, हातही आपलाच
(गणेशोत्सवातील महिला मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. शेवटी चिठ्ठ्यांतून आलेले काही प्रश्न व त्यांची उत्तरे.)



समितीच्या वहिनींचा फोन आला तेव्हा त्यांनी मला 'मधुमेह आणि आहार' हा विषय दिला होता. विषय चांगला आहे, मोदकांच्या दिवसांत तर फारच गरजेचा! पण मी म्हटलं, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, मला पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवर बोलू द्या. फोनवर क्षणभर शांतता. मग वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो ताई, पण मंडपात? माईकवर?" शेवटी हळदीकुंकवानंतरची ही दुपारची वेळ ठरली आणि पुरुष मंडळींना चहाच्या निमित्ताने बाहेर पाठवण्यात आलं. माझी हरकत नाही. मात्र हे भाषण स्मरणिकेत छापायचं ठरलं आहे, म्हणजे घरोघरी तेही वाचणारच. वाचावंच त्यांनी.

मी व्यवसायाने परिचारिका. नोकरीची बहुतेक वर्षं स्त्रीरोग विभागात गेली. पण त्याआधी मी नंदिनीची मुलगी. वडील खाणीत होते. इथली चुनखडी भिलाईच्या भट्ट्यांकडे जायची आणि तिची पांढरी धूळ आमच्या तुळशीवर बसायची. आई रोज सकाळी तुळशीची पानं धुवायची. नागपूर, भंडारा, गोंदियाकडून आलेली आपली मराठी कुटुंबं तेव्हा क्वार्टरच्या ओळींत शेजारी शेजारी राहायची, आणि गणपतीचे दहा दिवस कुणाच्या घरची चूल कुणाची हे कळायचं नाही.

आमच्याच ओळीत एक काकू होत्या. नाव सांगत नाही, त्यांच्या मुला-सुनांचा मान राखायला हवा. तळणीच्या मोदकांचं सारण त्यांच्या हातचं, हे ठरलेलं. मी आठवीत असेन, त्या वर्षी काकू प्रसादाच्या स्वयंपाकाला आल्या नाहीत. "मला बाजूला बसायचंय," असा निरोप आला. मग नवरात्रात नाही, संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही नाही. बायका आपसांत हसायच्या, "काकूंची पाळी या वयातही जात नाही म्हणायची!" पाळी केव्हाच गेली होती. अंगावरून रक्त जात होतं, अधूनमधून, दीड वर्ष. ते विटाळाचं समजून काकू देवापासून लांब राहिल्या, आणि डॉक्टरपासूनही. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. नागपूरला नेलं तेव्हा रोग पुढच्या टप्प्यात गेलेला होता. पुढच्या गणपतीला काकू नव्हत्या.

मी नर्सिंगला गेले त्याला हे एकच कारण होतं असं म्हणणार नाही. घरची परिस्थितीही होती. पण वॉर्डात अशी बाई दाखल झाली की मला मोदकांचं सारणच आठवायचं.

आता रोगाविषयी थोडं. गर्भाशय म्हणजे आपण जिला पिशवी म्हणतो ती, आणि तिचं तोंड योनिमार्गाच्या टोकाला उघडतं. त्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एका विषाणूमुळे होतो. त्याचं नाव एचपीव्ही. हा शोध लावणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि इतका सार्वत्रिक आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याचा संसर्ग होऊन जातो. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो, कळतसुद्धा नाही. थोड्याजणींच्या बाबतीत मात्र तो चिवटपणे टिकतो, पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बदलतात, आणि त्या बदलाचा कॅन्सर व्हायला सहसा दहा ते वीस वर्षं लागतात.

दहा ते वीस वर्षं! एवढा सावकाश चालणारा वैरी दुसरा कोणता आहे सांगा. आणि तरीही २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ऐंशी हजार स्त्रिया दगावल्या. रोग आला की लगेच नेतो असं नाही. आपण त्याच्याकडे बघतच नाही, म्हणून नेतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांना विचारलं होतं की ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली आहे का. 'हो' म्हणणाऱ्या शंभरात दोनसुद्धा नव्हत्या.

तपासण्या नव्हत्या म्हणून हे झालं का? तसं नाही. पॅप स्मिअर ही तपासणी गेल्या शतकातली. डॉ. पापानिकोलाऊ यांनी अमेरिकेत ती शोधली. आणि गंमत बघा, त्यांच्या पत्नीने वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने त्यांना अभ्यासाला दिले. शोधावर नाव नवऱ्याचं, नमुने बायकोचे. असो! पॅपमध्ये पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्याला प्रयोगशाळा लागते, पेशी ओळखणारा तज्ज्ञ डोळा लागतो, आणि रिपोर्ट यायला दिवस लागतात. दुसरी तपासणी 'व्हाया'. यात तोंडावर सौम्य ॲसेटिक ॲसिड लावतात, साधारण आपल्या स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरसारखं, आणि पांढरा डाग उमटतो का ते डोळ्यांनी बघतात. स्वस्त आणि लगेच निकाल. २०१६ च्या सरकारी मार्गदर्शिकेत तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी हीच तपासणी सांगितली होती.

पण दोन्ही तपासण्यांत एक वस्तू समान आहे. टेबल.

ज्या टेबलावर बाळंत झाल्या त्या सगळ्याजणींना मी काय म्हणते ते कळलं. पाय वर, साडी वर, धातूचं गार उपकरण, आणि पडद्यापलीकडे कुणीतरी बोलतंय. एका शिबिराला मी ड्यूटीवर होते. कुठलं ते सोडून द्या. बाहेर झाडाखाली बायकांची रांग होती. आत टेबल एक, पडदा अर्धवट, दाराला कडी नाही. पहिली बाई बाहेर आली, तिने रांगेतल्या दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि तासाभरात निम्म्याहून अधिक रांग विरून गेली. आमच्या वहीत त्यांच्या नावापुढे शेरा पडला, 'रुग्णाने नकार दिला'. तो शेरा मीच लिहिला. त्या बायकांनी तपासणी नाकारली नव्हती, त्या दाराला कडी नसणं नाकारत होत्या. हे मला त्या दिवशी समजलं नाही, बऱ्याच वर्षांनी समजलं.

आणि आपल्या छत्तीसगडमधल्या बाईने शिबिराला भ्यावं यात तिची काय चूक? २०१४ साली बिलासपूरकडे नसबंदी शिबिरानंतर तेरा स्त्रियांचे प्राण गेले. त्याआधी २०१२ मध्ये आपल्याच राज्यात 'पिशवी काढा नाहीतर कॅन्सर होईल' अशी भीती घालून विम्याच्या पैशांसाठी गरीब बायकांची गर्भाशयं काढल्याचं उघडकीस आलं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्यांचा प्रश्न महाराष्ट्रात गाजला. कॅन्सरचं नाव सांगून बायकांना असं नाडलं गेलं आहे. म्हणून मी इथे कुणालाही घाबरवायला आलेली नाही. पांढरं जातं, कंबर दुखते, तेवढ्यासाठी कुणी पिशवी काढायला सांगितलं तर आधी विचारा, तपासणीचा कागद कुठे आहे?

आता मी तुम्हाला बार्शीला नेते. सोलापूर जिल्ह्यातला तालुका, आपल्यापैकी काहींचं माहेर तिकडे असेल. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांत ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी सुरू झाली. देशातली पहिली ग्रामीण नोंदणी! नोंदणी करणारी माणसं गावोगाव फिरत आणि फिरता फिरता लोकांना लक्षणं सांगत: पाळी गेल्यावर रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, वास येणारा स्राव. नुसतं सांगणं, यंत्र कसलंही नाही. काही वर्षांनी आकडे पाहिले तर पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या स्त्रिया आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या होत्या. आमच्या काकूंच्या दारात असं कुणी फिरकलं नाही.

त्याच बार्शीच्या डॉ. भगवान नेने आणि सहकाऱ्यांनी, मुंबईच्या टाटा रुग्णालयाबरोबर आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर, १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, एक प्रचंड अभ्यास केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. गावांचे ५२ गट पाडून त्यांचे चार भाग केले. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हाया, आणि चौथ्यात आरोग्यशिक्षण व नेहमीची सेवा. तपासणी प्रत्येकीची फक्त एकदाच. जिच्यात बदल दिसले तिच्यावर उपचार. मग आठ वर्षं पाठपुरावा.

निकाल २००९ साली जगातल्या एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. विषाणूची तपासणी झालेल्या भागात सुमारे ३४ हजार स्त्रिया होत्या, त्यांत या कॅन्सरने ३४ मृत्यू. चौथ्या भागात सुमारे साडेएकतीस हजार, त्यांत ६४ मृत्यू. पुढच्या टप्प्यातले कॅन्सर एका बाजूला ३९, दुसऱ्या बाजूला ८२. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर! पॅप आणि व्हायाच्या भागांत एकदाच्या तपासणीने असा ठळक फरक दिसला नाही. आणि विषाणू नाही असा निकाल मिळालेल्या स्त्रियांत पुढच्या आठ वर्षांत कॅन्सरचं प्रमाण अगदी थोडं राहिलं. धाराशिवच्या शेतकरी बायकांनी जगाला हे शिकवलं, आणि आपल्याला ते ठाऊकही नाही!

व्हाया वाया गेली असं मात्र कुणी समजू नका. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून त्यांच्याकडून व्हाया करून घेतली, दर दोन वर्षांनी, चार वेळा. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले; २०१३ मध्ये ते जाहीर झालं. पण चार वेळा! आमच्या शिबिरातल्या बायका एकदासुद्धा थांबल्या नव्हत्या.

एक गोष्ट लपवू नये. या अभ्यासांवर पुढे कडक टीका झाली, आजही होते. ज्यांना तपासणी दिली नाही त्या हजारो स्त्रियांचं काय, असा तो प्रश्न. करणाऱ्यांचं म्हणणं असं की त्या काळी गावात कुणालाच तपासणी मिळत नव्हती. मला स्वतःला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. त्या ६४ जणीही कुणाच्या तरी काकू होत्या. पण म्हणूनच त्यांच्याकडून मिळालेलं ज्ञान कपाटात ठेवणं मला आणखी वाईट वाटतं.

धाराशिवमध्ये नमुना घेतला तो प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी, टेबलावरच. आणि तरीही विषाणूच्या भागातल्या शंभरापैकी जवळजवळ ऐंशी स्त्रिया आल्या. माझ्या टेबलाच्या मुद्द्याला हे थोडं अडचणीचं आहे, मला मान्य आहे. त्या आल्या, कारण कुणीतरी घरी जाऊन, ओट्यावर बसून, त्यांच्याशी बोललं होतं. तेवढी माणसं प्रत्येक जिल्ह्यात कुठून आणायची?

इथेच विषाणूच्या तपासणीचा खरा फायदा आहे. पॅपला पेशींचं रूप बघायचं असतं, म्हणून नमुना नेमका तोंडावरूनच हवा. व्हायाला तर डोळ्यांनी तोंडच दिसायला हवं. पण विषाणू असला तर त्याच्या खुणा योनिमार्गातल्या स्रावातही उतरलेल्या असतात. मग नमुना घ्यायला डॉक्टर कशाला, नर्स तरी कशाला? बाईने स्वतः घ्यावा!

करायचं एवढंच. एक मऊ ब्रश किंवा लांब काडीचा कापसाचा बोळा मिळतो. हात स्वच्छ धुवायचे. न्हाणीघरात कडी लावायची. (कडी लावायची, हे मी मुद्दाम सांगते!) उकिडवं बसायचं, किंवा एक पाय स्टुलावर ठेवून उभं राहायचं. ब्रशच्या टोकाला हात न लावता तो अलगद आत सरकवायचा, साधारण बोटभर. अडेल तिथे थांबायचं, जोर करायचा नाही. सावकाश काही वेळा गोल फिरवायचा, किती वेळा ते किटच्या कागदावर लिहिलेलं असतं. बाहेर काढून नळीत टाकायचा, झाकण लावायचं, नाव-तारीख घालायची. पाळीच्या दिवसांत करायचं नाही, आणि गरोदर बाईने स्वतः करू नये, डॉक्टरला विचारावं. दोन मिनिटांचं काम. ज्या बाईने तांबी बसवून घेतली, दोन मुलं जन्माला घातली, तिला हे जड नाही.

"पण आम्हाला नीट जमेल का?" हा प्रश्न जगभरच्या बायकांनी विचारला. २०१८ मध्ये ५६ अभ्यास एकत्र करून त्याचं उत्तर तपासलं गेलं. पीसीआर पद्धतीच्या तपासणीत बाईने स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरने घेतलेल्याइतकाच भरवशाचा निघाला. जुन्या पद्धतीच्या काही तपासण्यांत मात्र तो थोडा कमी पडतो. म्हणून प्रयोगशाळेला दोन प्रश्न विचारा: ही तपासणी पीसीआरची आहे का, आणि स्वतः घेतलेला नमुना तुम्ही स्वीकारता का? करोनाने पीसीआर हा शब्द घरोघरी पोचवला, त्याचा हा एक उपयोग! २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूच्या तपासणीला पहिली पसंती दिली आणि स्वतः घेतलेला नमुना चालेल असं सांगितलं: तिशीपासून सुरुवात, मग दर पाच ते दहा वर्षांनी. ऑस्ट्रेलियात २०२२ पासून प्रत्येक पात्र बाईला हा पर्याय खुला झाला. आपल्याकडे गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट यंत्र, जे बॅटरीवर चालतं आणि क्षयरोगासाठी लहान दवाखान्यांतही पोचलं, त्यावरसुद्धा ही तपासणी होते.

अर्जेंटिनाचं एक उदाहरण मला फार आवडतं. तिथल्या हुहुई प्रांतात २०१२ मध्ये आरोग्यसेविका घरोघरी जायच्या. काहींनी सांगितलं, दवाखान्यात तपासणीला या. काहींनी तिथेच ब्रश दिला. सहा महिन्यांत पहिल्या गटात शंभरातल्या वीस जणींची तपासणी झाली, दुसऱ्या गटात शहाऐंशी जणींची. सेविका तशाच, बायका तशाच. फरक फक्त ब्रश कुणाच्या हातात, एवढाच.

आणि आपल्याकडे तर मितानिन आहे! २००२ पासून छत्तीसगडच्या पाड्यापाड्यांत फिरणारी ही बाई देशातल्या आशा कार्यकर्तीच्या आधीची. मितानिन म्हणजे मैत्रीण, जिवाची सखी. ब्रश देण्यासाठी याहून योग्य हात मला दिसत नाही. आपल्या समितीने या वर्षी आरोग्याच्या नावाने जी रक्कम बाजूला ठेवली आहे, तिच्यातून पुन्हा रक्तदाबाचं शिबिर घेण्यापेक्षा अहिवाऱ्याच्या आणि आसपासच्या गावांतल्या मितानिनींना बोलवा, एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाला बसवा, आणि हे सुरू करा असं मी अध्यक्षांना जाहीरपणे म्हणते. माईक आहे, नंतर नाही म्हणता येणार नाही!

पण एक अट. नमुना घेऊन टाकणं हे अर्धंसुद्धा काम नाही. धाराशिवमध्ये शंभरात साधारण दहा जणींत विषाणू सापडला. त्या दहांतल्या बहुतेकींना कॅन्सर नव्हता, पण दहाही जणींना पुढची तपासणी हवी होती. तोंडाला डाग आहे का ते बघायचं, लागलं तर दुर्बिणीतून, म्हणजे कोल्पोस्कोपीने. बदल असेल तर तो भाग उष्णतेने जाळतात किंवा तारेने काढून टाकतात. त्यासाठी बहुधा पिशवी काढावी लागत नाही, आणि बाई बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी येते. तर शंभरातल्या नव्वद जणींचं टेबल वाचलं. उरलेल्या दहा जणींना टेबलाशी जावंच लागेल, आणि तिथे त्यांच्याबरोबर कुणीतरी असायला हवं. त्यांना भिलाईला सेक्टर ९ ला किंवा रायपूरच्या एम्सला कोण नेणार, गाडीभाडं कोण देणार, घरी त्या दिवशी स्वयंपाक कोण करणार, हे आधी ठरत नसेल तर ब्रश वाटूच नका. बाईला विषाणू आहे एवढंच सांगून घरी सोडणं हे न सांगण्यापेक्षा वाईट. मी अशा बायका पाहिल्या आहेत, हातात कागद आणि पुढे कुणी नाही.

आता तुमच्या चिठ्ठ्या. नाव लिहू नका असं सांगितलं होतं, त्यामुळे छान मोकळ्या आल्या आहेत.

"विषाणू निघाला तर नवऱ्याचं बाहेर काही आहे असं समजायचं का?" नाही. आणि नवऱ्यांनीही बायकोबद्दल समजायचं नाही. हा विषाणू शरीरात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. आज सापडला म्हणजे कधी आला, कुणाकडून आला, हे कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. संसार मोडायला हा कागद पुरावा नाही.

"ब्रश आत हरवला तर?" मनमोकळा प्रश्न! योनिमार्ग पुढे बंद असतो, पिशवीच्या तोंडाचं छिद्र अगदी बारीक. ब्रशला जायला कुठे जागाच नाही.

"माझी पिशवी काढली आहे. मला गरज आहे का?" पिशवी तोंडासकट काढली असेल आणि आधी कॅन्सरचे बदल नसतील, तर नाही. पण काही वेळा वरचा भाग काढतात आणि तोंड ठेवतात. ऑपरेशनचा कागद शोधा. कागद नसेल तर डॉक्टर तपासून सांगतील. मला भीती वाटते की अनेकींना आपलं काय काढलं हेच माहीत नाही.

"मुलीला लस दिली तर पुरे ना?" नऊ ते चौदा वयात लस उत्तम. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वदेशी लसही २०२३ मध्ये बाजारात आली. पण लस मुलीला मिळाली म्हणून आईचं काम भागत नाही. आईला तपासणीच हवी, आणि मुलीलाही तिशीनंतर.

"सासूबाईंना कसं सांगू?" सांगू नका, त्यांनाही घेऊन या. पासष्टच्या आत असतील आणि कधीच तपासणी झाली नसेल तर त्यांचा नंबर तुमच्या आधी.

ही शेवटची चिठ्ठी. पेन्सिलीने लिहिली आहे. "पाळी जाऊन चार वर्षं झाली. तीन-चार महिन्यांपासून अधूनमधून डाग दिसतो. ब्रशची तपासणी मला चालेल का?"

नाही चालणार. ब्रश आहे तो ज्यांना काहीही त्रास नाही त्यांच्यासाठी. पाळी गेल्यानंतर लाल दिसलं, एक थेंब का असेना, तर डॉक्टरने आतून बघायलाच हवं, आणि या आठवड्यात. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. पण ते बघितल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही, मीही नाही, आणि ब्रशचा निकाल चांगला आला तरी तुम्ही थांबायचं नाही.

चिठ्ठी कुणाची हे कुणी कुणाला विचारणार नाही. संध्याकाळच्या आरतीपर्यंत मी मंडपामागच्या खोलीत प्रसादाचे नारळ खोवत बसणार आहे. खोवणी दोन आहेत. जिची चिठ्ठी असेल तिने माझ्याशेजारी येऊन बसावं. देवाचं काम आहे म्हणून बाजूला राहू नये. उद्या सकाळी भिलाईला मी तुमच्याबरोबर येते.